न काळवंडलेली चांदी

१

शनिवार, ११ डिसेंबर १९४८. सकाळी पावणेआठला ग्वाल्हेरच्या कंपू भागात सरदारांच्या धाकल्या कोठीतल्या जामदारखान्याचं, चांदी ठेवायच्या खोलीचं, दार ढकललं गेलं, तेव्हा जामदार कृष्णराव उंबऱ्याच्या आतच पालथे पडलेले होते. अंग गार पडलं होतं. खोलीला खिडकी नव्हती. मधोमध एक लोखंडी घमेलं होतं आणि त्याच्या तळाशी गंधकाची पिवळी साय जमली होती. दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास अंगणभर पसरला आणि कोठीतली कबुतरं उठून पलीकडच्या छपरावर गेली.

दार ढकलणारा पहारेकरी बळवंत होता. त्याच्या मागे दफ्तरदार पांडुरंगराव उभे होते.

ही बातमी विजयाबाईंच्या घरी पांडुरंगरावांनीच आणली. कृष्णरावांचे ते लंगोटीयार. दोघांचे पूर्वज एकाच वर्षी दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले असं दोघंही सांगत. एक चांदी सांभाळत आला, दुसरा कागद. पांडुरंगराव दारात उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "वहिनी, बसून घ्या."

विजयाबाई बसल्या नाहीत. हातातलं तांदळाचं ताट तेवढं खाली ठेवलं.

आदल्या संध्याकाळीही पांडुरंगराव असेच दारात येऊन गेले होते. संस्थान विलीन झालं म्हणून सोमवारी सरकारची समिती कोठीतली चांदी तोलायला येणार, काम फार आहे, कृष्णा आज तिथेच झोपेल, तुम्ही वाट पाहू नका, एवढं सांगून गेले होते. असं पूर्वीही झालेलं होतं. विजयाबाईंनी वाट पाहिली नव्हती. जेवून झोपल्या होत्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांना घास गिळताना हेच आठवत राहिलं.

दुपारी प्रेत घरी आणलं. पुरुषमंडळी अंघोळ घालायच्या तयारीत असताना त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. बोटं आखडलेली होती. नखांत काहीतरी पांढरं भरलं होतं. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. मेण होतं, आणि मेणात अडकलेले कापसाचे तंतू.

ते मेण त्यांनी ओळखलं. जामदारखान्याच्या दाराला आतून, चौकटीच्या कडेने, कृष्णरावांनी मेणात बुडवलेल्या कापसाची पट्टी स्वतः बसवली होती. दमट हवा आत येऊ नये म्हणून. त्यासाठीच्या वाती विजयाबाईंनीच वळल्या होत्या.

माणूस बेशुद्ध होऊन पडला असता तर दाराची पट्टी कशाला ओरबाडली असती?

"वहिनी, उशीर होतोय," पांडुरंगराव मागून हळूच म्हणाले.

त्यांनी हात सोडला. संध्याकाळपर्यंत ती नखंही जळून गेली.

२

थानेदार शिवाजीराव दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आले. घराणं पलटणीतलं, आवाज मोठा, पण सुतकाच्या घरात तो जपून वापरत होते. जुन्या संस्थानचं पोलीसखातं इंदूरच्या खात्यात मिसळायचं चाललं होतं आणि कोण राहणार, कोण घरी जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाजीरावांना हे प्रकरण सरळ हवं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"बाई, अपघात आहे," ते म्हणाले. "नवीन कचेरीला जागा पाहिजे म्हणून भाद्रपदात कोठीतलं सगळं दफ्तर जामदारखान्यात हलवलं. कागदांबरोबर वाळवी आली. वाळवीला गंधकाची धुरी देतात, हे दफ्तरात दरवर्षी चालतं. कृष्णरावांनी धुरी लावली, बाहेर पडायला उशीर केला, घुसमटले. दाराला बाहेरून कडी घातलेली नव्हती, आतून अडसर लावलेला नव्हता. बळवंत आणि पांडुरंगराव दोघंही तसंच सांगतात."

"त्यांनी धुरी लावली नाही," विजयाबाई म्हणाल्या.

"तुम्ही तिथे नव्हता."

"मी बावीस वर्षं इथे होते. या घरात." त्या थांबल्या. नणंद सुलोचनाबाई उज्जैनहून आलेल्या होत्या, त्या दाराआडून ऐकत होत्या. "चांदीच्या लगडी गुंडाळायला जुनं मलमल लागायचं. नवं कापड नाही, त्याला खळ असते. मी ते सोड्यात उकळून, साबणाचा अंश राहू नये म्हणून चार पाण्यांतून काढायची. पेटीत खडूचे तुकडे ठेवायचे, ओल शोषायला. पाऊस संपला की ते बदलायचे. लोकरीची शाल अंगावर घेऊन ते खोलीत गेले नाहीत कधी, या थंडीतसुद्धा. रबर नाही, वर्तमानपत्राचा कागद नाही. कामाच्या दिवशी घरात कांदासुद्धा चिरत नव्हते मी. का, तर या सगळ्यात थोडाफार गंधक असतो आणि चांदी त्याने काळी पडते. असा माणूस घमेलंभर गंधक चांदीसमोर पेटवेल?"

शिवाजीरावांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "काळी तर पडलीय. ताम्हनात जुने रुपये काढून ठेवले होते मोजायला, ते काजळासारखे झालेत."

"मग?"

"मग काय, बाई. माणूस म्हातारा होतो, चुकतो."

दाराआडून सुलोचनाबाईंचा आवाज आला. "माझा भाऊ त्रेपन्नचा होता, थानेदार. तुम्ही किती वर्षांचे?"

शिवाजीरावांनी टोपी सतरंजीवर ठेवली. "दाराला दोन कुलपं आहेत," ते म्हणाले. "एक किल्ली कृष्णरावांची. दफ्तर तिथे आल्यापासून दुसरी पांडुरंगरावांची. दोघांशिवाय खोली उघडत नाही. पांडुरंगराव म्हणतात, दोघांनी मिळून उघडली, मग थंडी बाधायला लागली म्हणून आपली किल्ली कृष्णरावांच्या हाती देऊन अंधार पडता पडता घरी आलो. ती कृष्णरावांच्याच खिशात मिळाली. रडत होते बिचारे. म्हणतात, थांबलो असतो तर वाचला असता."

"शुक्रवारी सकाळी निघताना हे म्हणाले होते," विजयाबाई म्हणाल्या, "आज पांडूला बरोबर घेऊन पेटी उघडतो."

"मग जुळलंच की."

"हो. जुळलं."

नखांतल्या मेणाबद्दल त्या बोलल्या नाहीत. बोलून दाखवायचं काय, राख? आणि एक भीती त्यांना धरून बसली होती, जिला अजून तोंड नव्हतं. दाराची पट्टी आतून ओरबाडली असेल तर दार बाहेरून लावलेलं होतं. आणि सकाळी ते लावलेलं नव्हतं. म्हणजे जो लावून गेला तो काढायलाही आला होता. तो माणूस कोठीतलाच होता, आणि कोठीतली सगळी माणसं आता एकेक करून समाचाराला याच ओसरीवर येणार होती.

३

सुतकाच्या घरी येणाऱ्याला चहापाणी विचारत नाहीत आणि जाणारा येतो म्हणत नाही. माणसं येतात, सतरंजीच्या कडेला बसतात, मेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात आणि उठून जातात. विजयाबाईंना घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. टाकायची गरजही पडली नाही.

तिसऱ्या दिवशी जयसिंहराव आले. सरदारांचे पुतणे, कोठीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. लठ्ठ, गोरे, बसताना धापा टाकणारे. दफ्तर जामदारखान्यात हलवण्याचा हुकूम त्यांचाच होता.

"काकू, घराची काळजी करू नका," ते म्हणाले. "तेराव्यापर्यंत तोलाई पुढे ढकलायला लावलीय मी. समितीवाले कुरकुरले, पण ऐकलं. एकदा चांदी बरोबर भरली की कृष्णाकाकांच्या नावाला बट्टा नाही. पेन्शनीचं मी बघतो."

"बरोबर नाही भरली तर?"

जयसिंहराव हसल्यासारखं करून थांबले. "का नाही भरणार? काकांच्या हातची चांदी. लहानपणी दिवाळीत मी फुलबाजी घेऊन जामदारखान्याच्या दारात गेलो होतो. काकांनी असा कान पिळला की आठ दिवस दुखत होता. म्हणाले, त्यातला गंधक चांदीला विष आहे, पुन्हा या अंगणात दारूकाम दिसलं तर सरदारांना सांगेन. पुढे अंगणात फटाका वाजला नाही, काकू. अजून वाजत नाही."

ते गेल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या, "गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांची मला भीती वाटते."

"मला सगळ्यांचीच वाटते, आक्का."

बळवंत चौथ्या दिवशी आला आणि सतरंजीवर न बसता पायरीवरच टेकला. पलटण मोडल्यावर कोठीच्या फाटकावर नोकरीला लागलेला, मिशा पिकलेल्या. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी.

"बाईसाहेब, मी तो फाटकावर होतो," तो आपणहून सांगू लागला. "जामदारखाना आतल्या चौकात. तिथलं मला काय दिसणार? पण लोक म्हणतात, बळवंतचा पहारा होता, बळवंतला पता असणार. माझी नोकरी जाईल ते जाईल, पण साहेब असे गेले याचा मला रात्रभर धसका बसतो."

"सकाळी तूच दार उघडलंस ना?"

"हां, पण पहिले दफ्तरदारसाहेब पोचले. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, बळवंत, दार ढकल, माझ्याने ढकलत नाही. मी खांदा लावला. कडी घातलेली नव्हती."

"कडी नव्हती हे तू पाहिलंस?"

बळवंत विचारात पडला. "मी पोचलो तेव्हा नव्हती."

"आत काय दिसलं? सगळं सांग."

"साहेब. घमेलं. वास असा की डोळे उघडेनात. ताम्हनातले रुपये काळेभोर, मला वाटलं कोळसे ठेवलेत. आणि पेटी उघडी होती, सिल्ल्या बाहेर काढून ठेवलेल्या, कापड सोडून. त्या मात्र चमकत होत्या, बाईसाहेब. जशा नव्या."

"लगडी चमकत होत्या?"

"हां. दफ्तरदारसाहेबांनी त्या पटकन पेटीत टाकल्या आणि झाकण लावलं. म्हणाले, आता दहा लोक येतील, चांदी उघडी नको. बरोबरच आहे ना ते?"

"बरोबरच आहे."

"साहेब मला तर काडतुसांचा पट्टासुद्धा चौकाबाहेर काढायला लावायचे. म्हणायचे, दारूत गंधक आहे, चांदी त्याने काली पडते. त्यांनीच धुरी लावली म्हणतात. माझ्या तो डोक्यात जात नाही."

बळवंत उठून गेला. विजयाबाई भिंतीला टेकल्या.

एकाच खोलीत, एकाच धुरात, रुपये काळे पडले आणि उघड्या लगडी तशाच राहिल्या. चांदी असती तर ती काळी पडलीच असती. त्या लगडी चांदीच्या नव्हत्या.

आणि मग धनत्रयोदशीची संध्याकाळ आठवली. दरवर्षी त्या दिवशी कृष्णराव चांदी बाहेर काढून पुसत. या वर्षी घरी आले आणि भात अर्धा टाकून उठले होते. "कागदांच्या ओलीने रुपये यंदा मळकट झालेत," म्हणाले होते, "लगडींना काहीच झालं नाही. पुसाव्याच लागल्या नाहीत." त्यांना वाटलं होतं, नवरा आनंदाची गोष्ट सांगतोय. तो तर तेव्हापासून झोपत नव्हता.

त्यांनी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट शिवाजीरावांना सांगितली तर काय होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. खोटी लगड म्हणजे खरी कुणीतरी नेली. नेली कुणाच्या ताब्यातून? जामदाराच्या. मेलेला माणूस सांगायला येत नाही की मी नेली नाही. अपघात म्हणून गप्प बसलं तर तेराव्यापर्यंत नाव शाबूत राहणार, आणि तोलाईच्या दिवशी तेही जाणार, कारण अशा लगडी बनतात त्या जर्मन सिल्व्हरच्या, निकेल मिसळलेल्या पितळेच्या, आणि ते चांदीपेक्षा हलकं भरतं. बोललं तरी चोर, न बोललं तरी चोर. त्याला मारणाऱ्याने हे सगळं धरूनच मारलं होतं.

फरक एवढाच होता की बोललं तर मारणाऱ्याला कळणार होतं की विजयाबाईंना कळलंय.

४

पाचव्या दिवशी सकाळी क्रियेला बसलेला पुतण्या मधु घाटावर गेला होता. सुलोचनाबाई माडीवर होत्या. विजयाबाई ओसरीत एकट्या होत्या तेव्हा फाटकापाशी टांगा थांबला आणि पांडुरंगराव आत आले.

अस्थींचं मडकं घरात घेत नाहीत. ते अंगणातल्या कडुनिंबाला पांढऱ्या फडक्यात बांधून टांगलेलं होतं. मधुला तेरा दिवस गाव सोडता येत नव्हतं, म्हणून प्रयागला अस्थी मी घेऊन जातो, असं पांडुरंगरावांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. सगळ्यांना त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं.

"दुपारच्या गाडीने झाशी, तिथून पुढे," ते सतरंजीवर बसत म्हणाले. डोळे सुजलेले होते. ते खरंच रडले असावेत. "वहिनी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा ना भावजी."

"कृष्णा शेवटी शेवटी घरी काही बोलला होता का? जामदारखान्याबद्दल? तो थानेदार मला उलटसुलट विचारतो. मला माहीत असलं तर मी सांभाळून घेईन."

"घरी कुठे बोलायचे ते," विजयाबाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊकच आहे."

"हो. खरं आहे." पांडुरंगरावांनी मान हलवली. "फार जपायचा सगळ्याला. आम्ही दफ्तर तिथे नेलं तर पहिल्या दिवशी माझ्या खिशातली काडीपेटी काढून घेतली. रोज दारात काढायला लावायचा. मी म्हटलं, अरे, कागद माझे, आगीची भीती मला पाहिजे, तू कशाला घाबरतोस? नुसता हसला. आगीला फार भ्यायचा बिचारा."

विजयाबाईंनी पदर सारखा केला.

काडीच्या गुलात गंधक असतो, म्हणून ती काडीपेटी बाहेर राहायची. जयसिंहरावांना हे कान पिळून शिकवलेलं होतं. बळवंतला पट्टा काढायला लावून शिकवलेलं होतं. ज्याला गंधक चांदीला काय करतो हे माहीत आहे, त्याने खोट्या लगडी ठेवलेल्या खोलीत गंधक पेटवला नसता. खऱ्या रुपयांनी लगडींचं बिंग फोडलं असतं, ते त्याला आधीच समजलं असतं. तिघांतला एकच माणूस असा होता की ज्याने जन्मभर कागद सांभाळले, दरवर्षी दफ्तरात धुरी दिली, आणि ज्याला काडीपेटी म्हटली की आगच आठवत होती.

तो समोर बसला होता. अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. त्यांचं हसणं आठवलं."

पांडुरंगराव त्यांच्याकडे पाहत राहिले. जरा जास्तच वेळ. माडीवर सुलोचनाबाईंची पावलं वाजली आणि त्यांनी नजर वर केली, मग पुन्हा खाली आणली.

"आक्का आहेत वाटतं घरात."

"आहेत. मधुही येईल इतक्यात." मधु तासभर तरी येणार नव्हता. "भावजी, गाडी चुकायला नको. तुम्ही नेताय म्हणून माझ्या जिवाला स्वस्थता आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नसतं मी."

हे बोलताना आवाज कापला, आणि तो दुःखाने कापला असं समजायला जागा होती. पांडुरंगराव उठले. कडुनिंबाखाली जाऊन त्यांनी गाठ सोडली, मडकं उतरवलं आणि फडकं पुन्हा बांधलं. दफ्तराचे रुमाल, कागदांची गाठोडी, बांधतात तशी, चारी टोकं ओढून. फाटकाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. काही बोलले नाहीत. सुतकाच्या घरातून जाणारा बोलत नसतो.

टांगा वळून दिसेनासा होईपर्यंत विजयाबाई उभ्या होत्या. मग त्या तिथेच पायरीवर बसल्या. सुलोचनाबाई घाईने खाली आल्या.

"अगं, अस्थी न्यायला एवढी ट्रंक कशाला? वरून पाहिलं मी. टांगा मागून पार दबला होता. बिस्तरा आहे म्हणावं तर घोड्याला ओढवेना."

विजयाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आक्का, शिवाजीरावांना बोलावणं पाठवा. आत्ता. मी नवऱ्याच्या अस्थी त्याच्या हाती दिल्या."

५

बोलावणं गेलं तेव्हा शिवाजीराव शहराबाहेर मुरारला होते. ते येईपर्यंत गाडी सुटून गेली होती. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं, झाशीला तार केली, कोठीत जाऊन जामदारखान्याच्या दाराची आतली बाजू पाहिली आणि मग एक लगड व एक पांढराशुभ्र जुना रुपया घेऊन परत आले. रुपया दुसऱ्या, बंद पेटीत मलमलीत होता, धुरापासून वाचलेला. बरोबर जयसिंहराव होते.

"पट्टी खालच्या कोपऱ्यात उखडलीय," शिवाजीराव म्हणाले. "हातभर. नखांचे ओरखडे आहेत. मी त्या दिवशी दार उघडंच पाहिलं, त्याची आतली बाजू पाहिली नाही. ही माझी चूक."

अंगणात विटांवर गंधक पेटवला. रुपया आणि लगड शेजारी ठेवून वर मोठं पातेलं पालथं घातलं. सगळे लांब उभे राहिले. पातेलं उचललं तेव्हा रुपया आधी तपकिरी दिसला आणि पाहता पाहता काळा होत गेला. लगड तशीच होती.

जयसिंहरावांनी पुढे वाकून लगड पाहिली. "सगळ्या?"

"बाकीच्या बघाव्या लागतील," शिवाजीराव म्हणाले. "पण सगळ्याच असणार."

विजयाबाईंनी मग एकेक गोष्ट सांगितली. नखांतलं मेण, लगडी पुसाव्या न लागणं, झाकण घाईने लावणं, काडीपेटी. भाद्रपदात दफ्तर हलवताना पेट्या दिवसभर चौकात काढून ठेवल्या होत्या. त्या दिवशी कृष्णराव हिवतापाने अंथरुणात होते. किल्ली त्यांनी घरून पाठवली होती, पांडुरंगरावांच्याच हाती. अदलाबदल त्याच दिवशी झाली. शंका आली तेव्हा जामदाराने ती बोलून दाखवली ती आपल्या मित्राला, कारण दुसऱ्या किल्लीशिवाय खोली उघडता येत नव्हती. दोघं आत गेले, लगडी बाहेर काढून पाहिल्या. मग एकटाच बाहेर आला.

"धुरी आधीच धुमसत ठेवली असेल रुमालांच्या मागे," त्या म्हणाल्या. "घमेलं मध्ये नंतर आणलं असेल, सकाळी. ते मला माहीत नाही. बाकीचं मला माहीत आहे."

शिवाजीरावांनी वही काढली. "बाई, मला पटलं. पण वर विचारतील, दोघांनी मिळून नेली नाही कशावरून? वाटणीवरून भांडले, एकाने दुसऱ्याला मारलं. त्याला मी काय उत्तर देऊ?"

"ते त्या दिवशी तापात होते."

"साक्षीदार?"

"मी."

"तुम्ही बायको आहात."

सुलोचनाबाई पुढे झाल्या. "आणि तुम्ही थानेदार आहात. पहिल्या दिवशी तुम्हाला अपघात दिसला होता."

"आक्का," विजयाबाई म्हणाल्या, "राहू दे. ते खरं तेच विचारतायत." मग शिवाजीरावांकडे वळून म्हणाल्या, "चोर असते तर त्यांनी पेटी कुणाला दाखवली नसती. गप्प बसले असते. गप्प बसले असते तर आज जिवंत असते. एवढं लिहा."

"लिहितो," शिवाजीराव म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं. कागद इंदूरला गेले. ग्वाल्हेरची कोणती प्रकरणं कुणाच्या अधिकारात येतात, हे तिथे अजून ठरायचं होतं.

झाशीची पहिली तार दुसऱ्या दिवशी आली. त्या वर्णनाचा माणूस गाडीतून उतरलेला हमालांनी पाहिला होता. ट्रंक उचलायला दोघं लागले म्हणून लक्षात राहिला. पुढच्या गाडीत तो चढला नाही. कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. ट्रंक मिळाली नाही.

बाराव्या दिवशी दुसरी तार आली. शिवाजीराव ती घेऊन स्वतः आले आणि ओसरीच्या पायरीवर उभे राहून त्यांनी वाचून दाखवली. तिसऱ्या दर्जाच्या वेटिंगरूममध्ये बाकाखाली पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मातीचं मडकं मिळालं आहे. ते ठाण्यात जमा केलं आहे.

"मधुला पाठवते," विजयाबाई म्हणाल्या. "तेरावा झाला की निघेल. तो प्रयागला नेईल."

"बाई, पुढे एक ओळ आहे." शिवाजीरावांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "ते विचारतायत, मयत इसम या प्रकरणात आरोपी आहे की नाही. नसेल तर मडकं नातेवाइकाच्या ताब्यात देतील. असेल तर निकाल लागेपर्यंत मुद्देमाल म्हणून ठेवून घेतील."

"तुम्ही काय कळवलंत?"

"मला कळवता येत नाही. ते इंदूरने ठरवायचंय. मी विचारलंय."

विजयाबाईंनी कडुनिंबाकडे पाहिलं. फांदीला दोरीचा तुकडा तसाच होता.

परवा समिती कोठीत तोलाईला येते आहे. झाशीच्या ठाण्यातल्या मडक्यावर अजून नाव लावलेलं नाही. इंदूरचं उत्तर आलेलं नाही.